पाणथरी आणि चार पांढरी डुकरं

११ नोव्हेंबर

डुकरांच्या गोठ्याचं छप्पर वादळात बसलं ते बसलंच! सुतार म्हणतो, वसंतात येतो. म्हणजे यंदा घेईन ती डुकरं हिवाळाभर उघड्यावर. कुठल्या जातीची घ्यायची ते ठरत नाही.

बायको, एटेल्का, भांडत नाही, हेच वाईट. 'मळा विकणे आहे' अशी पाटी रंगवून तिने चुलीमागे वाळत ठेवलीय. ‘‘थंडीत एक जरी डुक्कर दगावलं ना वेंडेल, तर ही फाटकाला लागेल. मग आपण सेगेदला, लेकीकडे. मेलेली जनावरं ओढणं आता माझ्याच्याने होत नाही.’’

दारोदार मिरचीपूड विकून हा मळा उभा केला. सेगेदला चौथ्या मजल्यावर काय करू — कबुतरं पाळू?

१४ नोव्हेंबर

सल्ला फुकट, म्हणून सगळे देतात.

शेजारचे आंब्रुशकाका म्हणतात मांगालित्साच घे. मेंढीसारखी कुरळी, अंगावर वीतभर चरबी, बर्फात घोरतात. खरंय. पण दीड वर्ष नुसती खातात! मेव्हणा लोरिंत्स पांढऱ्यांच्या मागे. ‘‘दाजी, लांब, भराभर वाढणारी! तुमची ती कुरळी मोठी होईस्तोवर आपण म्हातारे होऊ.’’ मी म्हटलं, तू झालायसच. पण तुझी पांढरी म्हणजे न्हाणीतून निघालेला पाद्री — वारा लागला की शिंकणार.

आज पुन्हा काही ठरलं नाही.

२० नोव्हेंबर

आंब्रुशकाकांकडे यंदाचं पहिलं डुक्कर कापलं. ताटात पाणथरी, म्हणजे डुकराची प्लीहा, आली; तिच्यावरून इथे हिवाळ्याचं भाकीत करतात. जर्दाळूची दारू हातात घेऊन सगळे वाकले. डोक्याकडे जाड असली तर थंडी सुरुवातीलाच कडक, शेपटाकडे जाड तर उशिरा.

‘‘शेपटाकडे!’’ काका म्हणाले. ‘‘नाताळापर्यंत निवांत.’’

लोरिंत्सने माझ्या पाठीत थाप मारली. नाताळाला कापायचीच आहेत, मग पांढरी का नकोत? घेतली. चार.

एटेल्का आम्हा दोघांना एवढंच म्हणाली, ‘‘बघा, डुकराच्या पोटात हवामान बघा.’’

३ डिसेंबर

उणे अकरा! निवांत म्हणे!

पांढरी लाल झालीत. त्यांच्यासाठी उभारलेल्या गवताच्या झोपडीतून बाहेर येत नाहीत. धाकटं खोकतंय. एटेल्काने खोकला ऐकला. चुलीमागच्या पाटीवरची धूळ झटकली.

५ डिसेंबर

गुत्त्यात पाठ करून बसलो की लोक मोकळं बोलतात. काकांची सून बोर्बाला मैत्रिणीला सांगत होती — त्या दिवशी कुत्र्याने पाणथरी ताटातून ओढली. हिने हिसकावली, धुतली, परत ठेवली. ‘‘डोकं कुठलं नि शेपूट कुठलं, कुणाला आठवतंय! सगळे प्यायलेले.’’ आणि दोघी खिदळल्या.

माझा मळा कुत्र्याच्या तोंडातून गेला की काय!

६ डिसेंबर

काकांना जाऊन सांगितलं. लाजतील वाटलं होतं. ‘‘पाणथरी चुकलेली नाही, सून चुकली,’’ म्हणाले, आणि दोन मांगालित्सा माद्या माझ्या गाडीत चढवल्या. ‘‘वसंतापर्यंत ठेव. त्या शिकवतील तुझ्या पाद्र्यांना.’’

काय शिकवतायत! पांढऱ्यांना चाऱ्याजवळ उभं करत नाहीत. त्यावर कहर — माझ्या झोपडीतलं गवत तोंडाने ओढून बाहेर आणलं, बाहेरच्या भिंतीला ढीग केला आणि त्यात लोळल्या. उत्तरेचा वारा थेट ढिगात! आत पांढरी उघड्या जमिनीवर कुडकुडतायत. दोनदा गवत आत टाकलं. दोनदा बाहेर आणलं. शिव्या दिल्या, तर एकीने ढेकर दिली.

८ डिसेंबर

उणे सतरा होणार म्हणतात. संध्याकाळी काकांकडे गेलो, धाकट्यासाठी औषध आहे का बघायला. नव्हतं. अंधारात घरी परत आलो, चुलीमागे नजर गेली — पाटी तिथे नाही. फाटकाकडे जाऊन बघायची हिंमत झाली नाही. तसाच झोपलो.

९ डिसेंबर

सकाळी झोपडी रिकामी!

गवताचा ढीग हलला. दोन कुरळ्या पाठी, मधे आठ गुलाबी कान. मोजले, पुन्हा मोजले. धाकटं घोरत होतं.

ढिगाच्या उत्तरेला, वाऱ्याच्या तोंडावर, पाटी ठोकलेली. अक्षरं डुकरांकडे.

घरात आलो. एटेल्का कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘खिळे संपलेत. घेऊन ये.’’