ह्यांच्या छातीची पट्टी

१० फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात पलंग मिळाला. खिडकीजवळचा. ह्यांची लगेच तक्रार — ऊन येतंय! म्हटलं, वऱ्हाडी म्हणून आलाय का? मांडव घालू?

परवा आमच्या बांगड्यांच्या दुकानात मी एका नवरीच्या हातात चुडा भरत होते. हे गल्ल्यावर. एकदम म्हणाले, "फरीदा, छातीत कबूतर शिरलंय." मला वाटलं, माल उतरवायला नको म्हणून नाटक करतायत. मग ओठ बघितले. निळे पडलेले. नवरीचा एक हात रिकामाच सोडला आणि रिक्षा केली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आहे, पण दम मोठा देते. म्हणाली, काळीज ठोके द्यायचं सोडून नुसतं फडफडत होतं. तसंच राहिलं तर आत रक्ताची गुठळी होते, ती डोक्यात गेली की अर्धं अंग लुळं. फडफड आता थांबलीय. परत येऊ नये म्हणून गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. पण पहिले तीन दिवस दवाखान्यातच झोपायचं, आणि प्रत्येक गोळीनंतर छातीची पट्टी काढायची, ईसीजी म्हणतात ती.

मी विचारलं, "गोळी बरं करणार हाय, मग तिच्यावर पहारा कशाला?"

"आजी, ही गोळी काळजाला आवरते. पण तिच्यामुळं प्रत्येक ठोक्यानंतर काळजाला सावरायला जरा जास्त वेळ लागतो. तो वेळ पट्टीवर मोजता येतो. थोडा लांबला तर चालतो. फार लांबला तर काळीज गोंधळतं, बंदसुद्धा पडतं."

म्हणजे एस्टीसारखं. म्हातारा चढून नीट बसायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली की म्हातारा आदळणार. मी तसं बोलून दाखवलं. बाईनं मान हलवली. हो म्हणून की गप बसा म्हणून, कळलं नाही.

११ फेब्रुवारी

पट्टी काढणारी पोरगी सृष्टी, कुंडलची. हसरी आहे. ह्यांच्या छातीवर चिकटवायच्या चकत्या बसेनात, म्हणून केस भादरले. हे डोळे मिटून पडलेले, बकरी ईदचा बोकड जसा!

"चाचा, श्वास सोडा की."

"सोडला आन् परत आला न्हाई तर?"

असला हा माणूस. बाजारात मिशीला पीळ देत हिंडतो, हळदीच्या हमालांवर ओरडतो, आणि चार चकत्या लावल्या की या अल्ला! मी म्हटलं, "पोरी, एक चकती मिशीवर लाव. सगळा जीव तिथंच हाय."

सृष्टी एवढी हसली की पट्टी परत काढावी लागली. तिनं मला ती दाखवली. गुलाबी चौकटींचा कागद, वर काळी रेघ. रेघ टोकदार वर चढते, खाली पडते, मग एक गोल टेकाड. ठोक्याच्या सुरुवातीपासून ते टेकाड संपेपर्यंतचं अंतर बघायचं. गोळीच्या आधी चारशे वीस होतं, आज चारशे साठ. "गोळी लागू झाली, मावशी." पाचशेच्या वर गेलं तर मात्र गोळी बंद.

१२ फेब्रुवारी

चारशे सत्तर. ह्यांना दवाखान्याची खिचडी आवडायला लागली. आता घरी न्यायलाच पाहिजे.

१ मार्च, शनिवार

चांद दिसला. उद्या पहिला रोजा.

डॉक्टरीणबाईनं बजावलंय, ह्यांनी यंदा रोजा धरायचा नाही. हे रुसले. मोठ्या तोंडानं तहरीमला म्हणाले, "सूनबाई, चाळीस वर्सांत एक चुकवला न्हाई." त्यातले किती दुपारी हॉटेलात सुटले, ते मला ठाऊक आहे. पण सुनेसमोर कशाला बोला.

नूरीनचा मेढ्याहून फोन. "अम्मी, अब्बांना जपा. टाकून बोलू नका." सासरी जाऊन मला शिकवते!

८ मार्च

रोजा नाही, पण इफ्तारला पहिला हात ह्यांचाच! तहरीम कांद्याची भजी तळते, आम्ही अजानची वाट बघतो, हे आमची वाट न बघता भज्यांकडं बघतात. वरून म्हणतात, "सवाब रोजेदाराला जेवू घालणाऱ्यालापण मिळतो." म्हटलं, जेवू तहरीम घालतेय. तुम्ही नुसते जेवताय.

मग रात्रभर ढेकरा.

१७ मार्च, सोमवार

आज पट्टीची तारीख. सृष्टी हसली नाही. कागद घेऊन आत गेली, डॉक्टरीणबाईला घेऊन बाहेर आली.

पाचशे दहा.

बाईनं चकत्या काढून परत लावायला सांगितल्या. परत तेच. मग उलटतपासणी सुरू. गोळी दोन वेळाच घेता ना? जुलाब? उलट्या? दुसरं कुठलं औषध? आयुर्वेदिक, हकिमाचं, कसलंही?

"काय न्हाई," हे म्हणाले.

"काय न्हाई," मी म्हणाले. शपथेवर म्हणाले.

बाई म्हणाली, उद्या सकाळची गोळी न घेता या. असंच राहिलं तर ही गोळी बंद करावी लागेल. दुसरी आहे, पण ती फुफ्फुसाला जड, आणि ह्यांच्या फुफ्फुसाचं विडीनं आधीच धुराडं झालंय. म्हणजे घेतली तर एक भीती, सोडली तर दुसरी. "आहे हीच चांगली होती," म्हणाली. मला ते 'होती' आवडलं नाही.

रिक्षात ह्यांनी मिशीला एकदाही पीळ दिला नाही. मीच म्हटलं, "मिशी उतरली वाटतं."

१८ मार्च

सापडलं!

आम्ही बाकावर बसलो होतो. सृष्टी पोट दाबत आली. म्हणाली, "मावशी, सकाळपासून नुसता चहा झालाय, पित्त उसळलंय." मी म्हटलं, थांब. पिशवीतनं ह्यांची पित्ताची कॅप्सूल काढून दिली. "घे की. आमचे हे रोज खातात, इफ्तारनंतर एक, झोपताना एक. भज्यांवरचा उतारा हाय."

पोरगीनं कॅप्सूल हातात घेतली. पाकीट उलटं केलं. मागचं बारीक अक्षर वाचलं. पित्त विसरून पळतच आत गेली.

डॉक्टरीणबाईनं पाकीट माझ्यापुढं धरलं. "काल विचारलं तेव्हा दुसरं औषध नाही म्हणालात!"

"आवं, ही औषध न्हाई," मी म्हटलं. "ही पित्ताची हाय."

बाईनं कपाळाला हात लावला. ह्या कॅप्सूलमध्ये उमासा थांबवायचं जे औषध आहे, तेही तेच अंतर लांबवतं. दोन्ही मिळून काळजाला ताणत होती. नुसती एक चालली असती. दोघी सवती एका चुलीवर. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात ही कॅप्सूल आहे. मीही खाते. नमाजाला जाताना खिशात असते, लग्नाला जाताना पिशवीत. औषध म्हणून कोणी मोजतं का तिला?

कॅप्सूल बंद. भजी बंद. छातीची गोळी आज संध्याकाळपासून परत चालू. आठवड्यानं पट्टी.

१९ मार्च

दुकान बंद करताना ह्यांनी विचारलं, "फरीदा, ते अंतर लांबलं, तर माणसाला आधी कळतं का गं?"

म्हटलं, "कळलं तर हाक मारा. चहा ठेवते, पिऊन जा."

हेही हसले. मग शटर ओढायला उठले, तर कुलूपच लागेना. किल्ली उलटी घालत होते. मी कुलूप लावलं. म्हातारपण.

२२ मार्च

हे फार शहाण्यासारखं वागतायत. सकाळी मी गोळी हातावर ठेवली की निमूट तोंडात. संध्याकाळी परत तसंच. भज्यांकडं बघतसुद्धा नाहीत. तहरीम म्हणाली, "अब्बा किती बदलले." मी म्हटलं, ही त्या पाचशे दहाची करामत. तेवढ्याची नोट नसते, नाहीतर ह्यांच्या कपाळाला बांधली असती.

२५ मार्च, मंगळवार

चारशे वीस!

सृष्टीनं टाळ्या वाजवल्या. "मावशी, एक नंबर पट्टी! एवढी छान तर माझीपण येणार न्हाई." डॉक्टरीणबाई रजेवर. म्हणून सृष्टीनं पट्टी फाइलला लावली, बाई आल्यावर बघतील म्हणाली. तिच्या हातात मी बळंच हिरव्या बांगड्या भरल्या, दवाखान्याच्या बाकावरच. पैसे देत होती. म्हटलं, ठेव, चाचाच्या काळजाचे पेढे समज.

हे बाहेर उभे होते. आनंद नाही, काही नाही. म्हटलं, "पास झालात की! तोंड असं का, नापास झाल्यासारखं?"

"दमलोय," म्हणाले.

३१ मार्च

ईद. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाल्ल्या ह्यांनी. तिसरीला मी हात धरला.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाई रजेवरून आली. पट्टी बघितली, आणि हसली नाही. म्हणाली, "फारच चांगली आहे. गोळी सुरू करायच्या आधी होती, अगदी तशी. पोटात गोळी असती तर इतकी चांगली आलीच नसती."

ह्यांनी मान खाली घातली आणि कबूल केलं. पाचशे दहा ऐकल्यापासून भीतीनं एकही गोळी गिळलेली नाही. मी हातावर ठेवायची, हे गालात धरून वरून पाणी प्यायचे, आणि मोरीत जाऊन थुंकायचे. फडफड परत आली नाही, नशीब. आता परत पलंग, परत पहिल्या गोळीपासून.

"मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं.

"तू हसली असतीस."

हसले असते.