अल्काजवळ राहिल्याचा दाखला

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, अर्जुनी मोरगाव,
जिल्हा गोंदिया.

अर्जदार: श्रीमती रुक्माबाई देवाजी शहारे, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, मूळ रा. केशोरी, हल्ली मुक्काम मुलाकडे अमेरिका, सध्या पुन्हा केशोरी.

विषय: मी केशोरी येथे लांब मुदतीने का राहिले, त्याचे खरे कारण नमूद करून दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्याच कार्यालयाने मला यापूर्वी दिलेला रहिवासी दाखला.
२) अमेरिकेतील नागरिकत्व कार्यालयाचे पत्र, मराठी भाषांतरासह.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१) जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर मुलांना अर्ज लिहायला शिकवले. विषय एका ओळीत मावला पाहिजे आणि अर्जात रडगाणे नको, असे मी त्यांना बजावत असे. आज तो नियम माझ्याच हातून मोडणार आहे. आपण हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, मधेच शेरा मारून पुढे सरकवू नये, ही माझी पहिली विनंती.

२) माझे पती देवाजी वारल्यानंतर माझा मुलगा संघदीप मला त्याच्याकडे अमेरिकेत घेऊन गेला. तेथे कायम राहण्याचे कार्ड मला मिळालेले आहे. माझी मुलगी अल्का, वय ४६, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. तिला काही दिवसांसाठी तिकडे नेण्याचा प्रयत्न आम्ही दोनदा केला. ती परत येईल याची खात्री वाटत नाही, या कारणाने दोन्ही वेळा व्हिसा नाकारला गेला. साहेब, जिला केशोरीच्या बसस्टँडवरून घरी एकटीने येता येत नाही, ती अमेरिकेतून परत येईल याची खात्री कोणी द्यायची? म्हणून अल्का माझ्या थोरल्या जाऊबाई सुशिलाबाई यांच्याजवळ केशोरीलाच राहिली. मी दरवर्षी येऊन काही आठवडे तिच्याजवळ राहत असे.

३) अशी मुलगी असताना ही बाई अमेरिकेला गेलीच कशाला, असे आपल्या मनात आले असेल. गावातही बऱ्याच जणींनी मला ते तोंडावर विचारले. माझ्यामागे अल्काचे करणारा सख्खा असा एक संघदीपच आहे. मी तिकडची नागरिक झाले, तर आई या नात्याने तिला कायमची बोलावून घेण्याचा मार्ग सोपा होतो, असे तेथील वकीलबाईंनी सांगितले. त्या एका आशेवर मी या वयात तिथला बर्फ तुडवला. मला त्या देशाकडून दुसरे काहीच नको होते.

४) तिकडचा नियम असा आहे की, नागरिकत्व मागणाऱ्याने देशाबाहेर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू नये. राहिल्यास त्याचे सलग वास्तव्य तुटले असे धरतात, आणि ते तुटले नाही हे त्याने स्वतः सिद्ध करायचे असते. नियम वाईट नाही. शाळेच्या हजेरीलाही असाच नियम होता. पण मी नागरिकत्व मागते ते अल्काला नेण्यासाठी, आणि अल्काजवळ राहिले म्हणून ते अडले आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली ही गत आहे.

५) मागील वर्षाआधीच्या भादव्यात सुशिलाबाई वारल्या. मी मिळेल त्या विमानाने आले. अल्का सुशिलाबाईंच्या हातचेच खात असे. त्या गेल्यावर ती ताटासमोर बसून दाराकडे बघत राही आणि घास लावला की तोंड फिरवी. मी तिच्या पोटची आई, पण ती मला आई म्हणत नव्हती. माय ती सुशिलाबाईंना म्हणे. मला ती पाव्हणी म्हणे, कारण आधी बदलीच्या शाळांवरून आणि मग अमेरिकेहून, मी पिशवी घेऊन यायची आणि पिशवी घेऊन जायची. यात तिची काही चूक नाही.

६) तिच्या निराधार योजनेच्या अनुदानावर पालक म्हणून सुशिलाबाईंचे नाव होते. ते बदलताना पालक गावातलाच हवा, असे कळले. तेव्हा आपल्या कार्यालयाने मला केशोरीची कायम रहिवासी असल्याचा दाखला दिला. तो मी आनंदाने घेतला. माझे घर तेथेच, माझी मुलगी तेथेच, मग मी दुसरीकडची कशी असेन? पुढे वकीलबाईंनी सगळे कागद मागितले, तेव्हा संघदीपने तोही दाखला भाषांतर करून जोडला. आई चांगल्या कामासाठी थांबली होती हे त्याला दाखवायचे होते. आता तोच कागद माझ्या विरोधात उभा आहे.

७) तरीही सहा महिन्यांच्या आत परत जाण्याचे तिकीट माझ्याजवळ होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. जाण्याच्या सकाळी माझ्या चपला सापडेनात. घर पालथे घातल्यावर त्या धान साठवायच्या ढोलीत सापडल्या. अल्काने लपवल्या होत्या. मी त्या घालून बसस्टँडवर गेले. सुशिलाबाईंची सून नूतन अल्काला धरून माझ्यामागे आली. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि अल्का म्हणाली, “नको जाऊ वो माय.” पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला माय म्हटले. कंडक्टर म्हणाला, “आजी, चढा ना, गाडी लेट होऊन राहिली.” मी खाली उतरले. जवळजवळ वर्ष व्हायला आले तेव्हा संघदीपने फोनवर रडून सांगितले की, आता नाही आलीस तर कार्डही जाईल, मग अल्काला कधीच नेता येणार नाही. तेव्हा अल्काला नूतनच्या हवाली करून मी गेले. माझ्या लांब मुक्कामाचे कारण एवढेच आहे, आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत तेथील अधिकारीबाईंनी विचारले तेव्हाही मी हेच सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, पाणी दिले आणि कागदोपत्री पुरावा मागितला.

८) त्या पुराव्यासाठी मी पुन्हा आले आहे. वकीलबाईंचे म्हणणे असे की, केशोरीत मी तात्पुरती होते, असा येथील अधिकाऱ्यांचा दाखला हवा. तलाठी भाऊंना भेटले. ते अतिशय आदराने म्हणाले, “मॅडम, तुम्ही राहून राहिल्या होत्या हे साऱ्या गावाले मालूम आहे. राहत नव्हत्या असं मी कायले लिहू?” त्यांचे बरोबर आहे. रहिवासी असल्याचा दाखला असतो, नसल्याचा नमुना कोणत्याच कार्यालयात नसतो. शेवटी कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस उदारामजी यांनी मला प्रतिज्ञापत्र करून दिले. माझ्या नावे शेती निरंक, घर निरंक, आणि त्याखाली अवलंबित व्यक्ती, निरंक.

९) मी त्यांना म्हटले, अहो, अल्का आहे ना. ते म्हणाले, तिला अनुदान मिळते, म्हणजे ती शासनावर अवलंबून आहे, तुमच्यावर नाही. एखादा रकाना रिकामा राहिला की कागद परत येतो, म्हणून ते सगळ्यांच्या रकान्यात निरंक भरतात. त्यांनी माझ्या भल्यासाठीच लिहिले, आणि वकीलबाईंनाही ते पसंत पडले. केस मजबूत होईल म्हणाल्या. संघदीप फोनवर म्हणाला, आई, एक सहीच तर करायची आहे, ती पण ताईसाठीच. मी पेन हातात घेतले. अल्का शेजारी बसून माझ्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. जिला न्यायचे, ती नाहीच असे लिहून द्यायचे, तेव्हा ती नेता येणार! साहेब, जळो ते नागरिकत्व. मला संतापही आला आणि रडूही आले. माझ्याने सही झाली नाही.

१०) सबब विनंती की, आपण मला खोटा दाखला देऊ नये. जे घडले तेच लिहावे: सदर महिला या मुदतीत केशोरी येथे राहिली, कारण तिची मुलगी येथे होती व मुलीला सांभाळणारी जाऊ वारली होती. मी परत जाणार होते हेही लिहावे, कारण तेही खरे आहे. नमुना नसेल तर साध्या कागदावर द्यावे. पूर्वीचा रहिवासी दाखला मात्र रद्द करू नये, त्याच्यावर अल्काचे अनुदान चालू आहे.

११) असा दाखला तिकडे चालेल, असे वकीलबाईंना वाटत नाही. नागरिकत्व नाकारले गेले तर मी येथेच राहीन. नातवंडे दुरावतील, त्यांची मला फार आठवण येईल, पण मी राहीन. येथे राहण्याची मला भीती नाही. भीती त्यानंतरची आहे. नूतनच्या यजमानांनी नागपूरला काम धरले आहे, उन्हाळा संपला की ते बिऱ्हाड हलवणार. मला अलीकडे जिना चढवत नाही, छातीत धरते. अल्काला स्वतःची वेणी घालता येत नाही, आणि दुखले तर कुठे दुखते ते सांगता येत नाही.

१२) म्हणून शेवटची विनंती. माझ्या पश्चात अल्काचे पालक म्हणून कोणाचे नाव लावावे, ते आपण मला लेखी कळवावे. केशोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक घर मी मनात धरून पाहिले. मला नाव सापडले नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
रुक्माबाई देवाजी शहारे

स्थळ: केशोरी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५