आपलं बार्कर आडनाव

पप्पा,

मला मुलगी झाली आहे. इथे जन्मल्यापासून सहा आठवड्यांच्या आत कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन बाळाची नोंद करावी लागते, आणि तिला आडनाव कोणतं लावायचं यावर माझं डोकं महिनाभर फिरलं होतं. बायको म्हणायची, त्यात विचार कसला, बार्कर लाव. तिला वाटायचं मी आळशीपणा करतोय, रजा टाकायचा कंटाळा करतोय. खरं तर मी तुमच्याशी भांडत होतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे समोरून उत्तर येत नाही आणि भांडण काही संपत नाही.

मी कार्डिफला एका हॉस्पिटलात पोर्टर आहे. पेशंटला ट्रॉलीवरून एक्स-रेला न्यायचं, परत वॉर्डात आणून सोडायचं. बायको नर्स म्हणून आली, तिच्या व्हिसावर मी. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला इथे कोण विचारतो असं वाटलं होतं, पण आपलं आडनाव माझ्या आधी पोचायचं. नोकऱ्या देणाऱ्या एजन्सीची बाई फोनवर मिस्टर बार्कर, मिस्टर बार्कर करायची, आणि मी प्रत्यक्ष समोर उभा राहिलो की माझ्या खांद्यावरून मागे बघायची, अजून कोणी येतंय का. मला मजा यायची. मी तिला तुमची गोष्ट सांगायचो. पणजोबा बार्कर नावाच्या इंजिनियर साहेबाचा घोडा सांभाळायचे. पूल बांधून झाल्यावर साहेब विलायतेला निघाला आणि पणजोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आजपासून माझं नाव तुझं. साहेबाच्या टोपीचा रंगसुद्धा तुम्ही सांगायचात. आठवीत मी त्यावर निबंध लिहिला तर मास्तर म्हणाले, "बार्कर, मग तुझे डोळे निळे कसे नाहीत रे?" अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडलो, तर तुम्ही म्हणालात, "हसू दे. हसले म्हणजे पुढे काही विचारत नाहीत." मला वाटलं तुम्ही माझी समजूत काढताय.

आमच्याबरोबर एक म्हातारा पोर्टर आहे, यॉर्कशायरचा. बायको गेल्यापासून त्याला पूर्वज शोधायचा नाद लागलाय. एकदा लिफ्टची वाट बघताना माझा बॅज हातात धरून म्हणाला, "बार्कर! माझ्या आजीचं माहेरचं नाव. इथे वेल्समध्ये जोन्स म्हणून हाक मारलीस तर अर्धा वॉर्ड वळून बघेल, पण आमच्याकडे गल्लीगल्लीत बार्कर. म्हणजे आपण कझिन्स झालो की!" मी हसलो. विचारलं, याचा अर्थ काय होतो? तर तो रंगातच आला. म्हणाला, ओकच्या झाडाची साल काढायची, कुटायची, पाण्यात टाकायची आणि त्या पाण्यात जनावराचं कातडं भिजत ठेवायचं. कातडं कमावणारा तो बार्कर. काही बार्कर मेंढपाळांचेही निघतात, जुन्या फ्रेंच शब्दावरून, पण आपण सालवालेच असणार, असं म्हणून त्याने नाक दाबून दाखवलं. "गावाबाहेर, नदीकाठी ठेवायचे आपल्याला. एवढा वास यायचा, कोणी जवळ फिरकायचं नाही!" आणि खो खो हसला. त्याला त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, उलट सापडल्याचा आनंद होता. गावाबाहेर म्हटल्यावर मला एकदम ते हात आठवले.

मी आठ वर्षांचा असेन. पिंपरीच्या खोलीवर दुपारी एक म्हातारा माणूस येतो. धोतर, डोक्याला मुंडासं, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत तांबडे-तपकिरी, घासूनही न निघणारे. तुम्ही म्हणता, गावाकडचे आहेत, ओळखीचे. त्यांना खुर्ची देत नाही. ते उंबऱ्याच्या आत जरासे, भिंतीला टेकून बसतात. तुम्ही स्वतः चहा करता, आई ओट्याशी पाठ करून उभी आहे. चहा तुम्ही त्या वेगळ्या काचेच्या ग्लासात ओतता, जो आपण प्लंबरला, रद्दीवाल्याला द्यायचो. त्यांनी माझ्यासाठी चपला आणलेल्या, पायाचं माप न घेता केलेल्या, तरी अगदी बरोबर बसल्या. मी म्हणालो, "थँक्यू आजोबा." कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसं. त्यांनी माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गाळणं झटकत होतात. झटकतच राहिलात. ते गेल्यावर मला दटावलंत, "कोणालाही आजोबा-बिजोबा म्हणत जाऊ नकोस." दुसऱ्या दिवशी चपला वॉचमनच्या मुलाच्या पायात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, वास येत होता.

आईला फोन लावला. विचारलं, ते कोण होते? आधी म्हणाली, नेटवर्क नाही. नेटवर्क चांगलं होतं, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाली, "तुझे आजोबाच होते रे ते. तुला बघायला आले होते. मला ह्यांनी शपथ घातली होती." तुम्ही मला सांगितलं होतं आजोबा माझ्या जन्माआधीच वारले. ते चपला देऊन गेल्यावरही चार वर्षं होते. गावाबाहेर कातडी भिजवायच्या हौदांवर, बाभळीची साल कुटत. कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचं पाणी भरून झाडाला टांगायचे, आई म्हणाली, आणि ते पाणी दिवसदिवस थेंब थेंब गळायचं. त्यांच्या मातीला तुम्ही एकटे गेलात आणि आम्हाला सांगितलंत कंपनीच्या स्टोअरला स्टॉक-टेकिंग आहे.

"आणि आडनाव?" मी विचारलं. "साहेबाचं?"

"कसला साहेब," आई म्हणाली. "रात्रशाळेत एक इंग्रजीचे मास्तर होते. त्यांना ह्यांनी विचारलं, सालीने कातडं कमावणाऱ्याला साहेबाच्या देशात काय म्हणतात? मास्तरांनी जाड पुस्तकात बघून दिलं. मग राजपत्रात छापून आणलं. पेढे आणले होते त्या दिवशी."

पप्पा, तुम्हाला माहीत होतं. मला हेच गिळता येत नाही. तुम्ही फसला असतात, कोणी भलतंच नाव गळ्यात मारलं असतं, तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो. कंपनीत डबा उघडताना माणसं आधी आडनाव विचारतात आणि मग सरकून बसतात, हे मलाही माहीत आहे. नाव बदललंत, बदला. पण लपायचंच होतं तर स्मिथ घ्यायचं, टेलर घ्यायचं, मास्तरांचं पुस्तक जाड होतं. तुम्ही शोधून शोधून बापाचंच काम घेतलंत, सही करताना रोज तेच लिहिलंत, आणि बापाला भिंतीशी बसवून रद्दीवाल्याच्या ग्लासात चहा दिलात. त्या माणसावर एवढी माया होती तर ती त्याला कळेल अशा भाषेत का नाही केलीत? आणि मला? माझ्या बॅजवर त्यांचं काम लिहिलेलं होतं आणि मी लोकांना घोड्याची गोष्ट सांगत फिरत होतो. तुम्ही मला खोटं सांगितलंत एवढंच नाही, तुम्ही मला तुमच्या खोट्याचा हमाल केलंत.

म्हणून ठरवलं होतं, मुलीला जुनं आडनाव लावायचं. आईकडून दोनदा नीट विचारून घेतलं, बसमध्ये मनात घोकत गेलो. ऑफिसातली बाई चांगली होती, बाळाला बघून काहीतरी वेल्शमध्ये बोलली. मग कीबोर्डवर हात ठेवून म्हणाली, "अँड द सरनेम?" मी तोंड उघडलं, पहिलं अक्षर निघालंसुद्धा. आणि मग मी बार्कर म्हणालो. बाई म्हणाली, छान, हे सोपं आहे. स्क्रीन आमच्याकडे वळवून तपासायला लावलं. मी सही केली.

हे तुमचं ऐकून केलेलं नाही. पोरीला उद्या कोणी नाव ऐकून फोनवर ताटकळत ठेवू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. आणि कदाचित त्या हातांसाठी. नक्की सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "मघाशी काय म्हणत होतास मध्येच?" ती नागपूरची, बौद्ध घरातली. तिचे आजोबा काय काम करायचे, गावात काय सोसलं, हे त्यांच्याकडे जेवताना, पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगतात. तिला सांगितलं तर ती मलाच जवळ घेईल, उलट आधी का नाही बोललास म्हणून रागावेल, हे मला पक्कं माहीत आहे. भीती वाटावी असं समोर कोणीच नव्हतं.

मी म्हणालो, "काही नाही, स्पेलिंग सांगत होतो."

तिला खरं वाटलं. हे पत्र मी हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवणार आहे, घरी नाही. तिला अजून मी काहीच सांगितलेलं नाही, पप्पा. सांगायला जातो आणि तोंडातून दुसरंच निघतं. असं का होतं ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल.