झाकून ठेवलेला तुकडा

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोशन,

वर्षभर पत्र नाही, माफ कर. फोनवर आपण दोघं ‘बरंय’ म्हणून मोकळे होतो. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळत होते.

स्वप्नाली वारली आणि तू लेकीला आमच्याकडे ठेवून जहाजावर नोकरी धरलीस, तेव्हा तुझी नेत्रा जेमतेम आठ महिन्यांची होती. आपल्याकडे समुद्रावर गेलेल्या माणसाचा वाटा काढून ठेवतात, तसा आई रोज रात्री तुझा माशाचा तुकडा वाटीत झाकून ठेवायची. झाकण पडलं की नेत्राच्या लेखी तुकडा संपला. ती दुसरीकडेच बघायची. वर्षाची होता होता तीच झाकण उचलून आत डोकावायला लागली. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकताना लहान मुलांचा विचार कसा वाढतो, त्याच्या पायऱ्या मी पाठ केल्या होत्या. कुणाला पायरी चढताना मात्र स्वयंपाकघरातच पाहिलं.

चार वर्षांची असताना तिनं तुझा तुकडा बोटांनी कुस्करून वाटीभर पसरला. म्हणाली, “आता बाबाला जास्त झालं!” आठव्या वर्षी आईलाच पकडलं, “आजी, सकाळी तो तूच खातेस. मग बाबांचा कसा?” आई भडकली, “लय शानी झाली हाय!” पण त्या दिवसापासून वाटा ठेवणं बंद झालं. मला बरं वाटलं होतं. तू परतलास तर हिला नेशील, ही भीती मला ती वाटी रोज दाखवायची. सुट्टीत तू पाहुण्यासारखा येऊन जायचास, तेव्हाही मी राहा म्हटलं नाही.

आता ती पंधराची आहे. सारखं ‘समजा’ चालू असतं. परवा जेवताना म्हणाली, “आत्या, तो तुकडा बाबांसाठी नव्हताच ना? आजीला धीर यावा म्हणून होता.” मग पुढे म्हणाली, “समजा मी बाबा असते, तर इतक्या वर्षांनी राहायला यायची मलाही लाज वाटली असती. कुणीतरी आधी बोलवायला हवं.” आई कालवण वाढता वाढता म्हणाली, “मंग लिव की ममता. बसलीस कशाला?”

म्हणून लिहितेय. नेत्रा रागावलेली नाही, असं म्हणणार नाही. रागावली आहे आणि वाटही बघतेय. दोन्ही एकदम असू शकतं, हे तिला कळतं. मी अजून शिकतेय. पाहुणा म्हणून नको, राहायला ये.

तुझीच,
ममताताई

उद्याचं काम: तुझ्या वाटीला झाकण आणायचं. जुनं हरवलंय.