लीव्हिनचं परीक्षेचं कापड

माननीय संघप्रमुख गेरोल्फ,

समोर येऊन सांगायची सोय नाही, म्हणून लिहितेय. आज तुमच्या विणकर संघाने माझ्या लीव्हिनला उस्ताद केलं. परीक्षेचं कापड चाचपून तुम्ही म्हणालात, "पोराच्या हातात बापाचं कसब उतरलंय!" मग संघाच्या नियमाप्रमाणे त्याने शपथ घेतली, "माझ्या घरात बाई मागाला हात लावणार नाही." मला वाटलं, म्हणायची रीत असेल. घरी आल्या आल्या मी मागावर बसले, तर मला म्हणतो, "आई, ऊठ मागावरून." थट्टा समजून मी हसले, तर त्याने दंडाला धरून उठवलं!

अहो, त्याला साधी किनार धड जमत नाही. ते कापड मी विणलंय! तुम्हाला कळलं तर त्याची उस्तादी जाईल, म्हणून हे पत्र चुलीत घालतेय.

पण उद्या विणणार कोण?

लीव्हिनची आई,
माबेली, गेंट