क्वार्टरबॅकचं कॉन्ट्रॅक्ट

मंगळवार संध्याकाळ, वॉटफर्ड

रविवारी ऑफिसातल्या मिलिंदकडे अमेरिकन फुटबॉलची मॅच बघताना मी तावातावाने म्हणालो, एकट्या क्वार्टरबॅकला, टीमच्या मुख्य खेळाडूला, एवढं मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं की बाकीची टीम कच्ची राहते. त्याला सोडा, तेवढ्या पैशात तीन तरुण घ्या. मिलिंदने मान डोलावली.

आज मॅनेजरने विचारलं, बजेट कमी झालंय, तुझ्या टीममधून कोणाला काढू? मी तेच बोलून गेलो, सगळ्यात महागड्याला सोडा. आमच्यात सगळ्यात जास्त पगार मिलिंदचा. त्याचा व्हिसाही याच नोकरीवर. बोलताना हे लक्षात आलं नाही, की आलं होतं? ती डोललेली मान काही डोळ्यांसमोरून जात नाही.

आत्ता त्याचा मेसेज आला, रविवारी लवकर ये, मिसळ करतोय.

मी लिहिलं, पाव मी आणतो.