आतली कडी

मेडशी

धम्मदीपा ताई,
सप्रेम जय भीम.

तू जुळवून देल्लेल्या समुपदेशक मॅडमचा काल पहिल्यांदा फोन आला. तू सांगतलं होतं तसंच झालं. त्यायनं झोप इचारली, जेवण इचारलं. इथलं बोलणं इथंच राह्यते म्हणाल्या. मंग म्हणाल्या, "दार लावून बसल्या ना?"

दार लावलं होतं, ताई. पण दवाखान्यातून मले घरी आणलं त्याच दिवशी ह्यायनं खोलीची आतली कडी काढून टाकली. रागानं नाई, भेवानं काढली. काल फोन चालू असतानीच सासू दार लोटून आत आली अन् तुरीची डाळ पाखडत माह्यापाशी बसली. "बोल तू, मी काई ऐकत नाई," म्हणे.

मी नुसतं हो-नाई करून राह्यली, तवा मॅडमले समजलं. त्या म्हणाल्या, "मीच विचारते, तुम्ही हो किंवा नाही म्हणा. जगावंसं वाटतं का?"

या फोनचा आवाज लय मोठा आहे. सासूच्या हातातलं सूप थांबलं. ती माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. इतकी माया मले कोणी लावली नाई.

मी "हो" म्हटलं. सूप पुन्हा हालाले लागलं.

मंग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी वावरातून बोलाल का, एकट्या?"

"एकटी काहून जाशीन?" सासू म्हणे. "मी येतो ना संगं."

हे पत्र तुले पाठवत नाई. पाठवलं त तू तो 'हो' कोणासाठी होता ते वळखून ह्यायले फोन करशीन, अन् मंग हे दारबी काढतीन.

तुही,
पिंकी